तोंडी हिशेबासाठी आकड्यांची कोडी : तुम्ही काय खेळता?

चिंचगूळ
लेक पाचवीत आहे, यंदा शिष्यवृत्तीला बसणार. कागदावर उभी मांडणी करून दिली की बेरीज-गुणाकार बिनचूक. तेच तोंडी विचारलं की नजर आढ्याकडे आणि बोट हवेत. हवेतसुद्धा ती उभी मांडणीच करते, हातचा घेते आणि पुढच्या घरात जाईपर्यंत हातचा विसरते. ४८ आणि ३७ मिळवायचे तर सरळ ५० आणि ३५ करावेत हे तिला सुचतच नाही.

क्लास नकोय. अ‍ॅपही नको, कोपऱ्यात घड्याळ पळायला लागलं की ही रडकुंडीला येते. गाडीत, रांगेत, भाजी निवडताना खेळता येतील अशी कोडी हवीत. नवऱ्याचं मत : "आधी तीसपर्यंत पाढे, मग कोड्यांचे लाड." तर दुसरा प्रश्न असा की कोड्यांनी तोंडी हिशेब खरंच सुधारतो का? की ती नुसती करमणूक?

लालडबा
गाड्यांचे नंबर! पुढच्या गाडीचे चार आकडे घ्यायचे आणि अधिक, उणे, गुणिले, भागिले, कंस काहीही वापरून १० करायचे. चारही आकडे वापरायचे, प्रत्येक एकदाच. पुणे-कोल्हापूर कधी संपतं कळत नाही. समजा ४७२५ दिसला, तर ७+५+२−४. दहा सहज जमायला लागले की २४ करायचे. त्याच ४७२५ चे (७+५)×(४−२).

नियम एकच, गाडी चालवणाऱ्याने खेळायचं नाही. हा नियम बायकोने केला आहे, का ते विचारू नका.

कोरी_पाटी
लालडबा +१. आम्ही खंबाटकीत एका ट्रकच्या मागे अडकलो होतो, नंबर ३३८८. याचे २४ होतात. घाट संपला, वाई फाटा गेला, तरी गाडीत कुणाला आलं नाही. उत्तर इथे लगेच टाकू नका, लोकांना छळू द्या.

निमूट_वाचक
आम्ही डोंबिवली फास्टवाले. आम्हाला फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसते आणि तिच्यावर नंबर नसतो.

उजळणी
चिंचगूळताई, तुमच्या यजमानांना माझा पाठिंबा आहे. आमच्याकडे दिवेलागणीला परवचा असे. त्यात पाढे, आणि पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. नव्या लोकांसाठी सांगतो, अडीचकी म्हणजे अडीचचा पाढा आणि औटकी साडेतीनचा. शिक्षा म्हणून नव्हतं हे. व्यवहारच तसा होता.

माझे वडील किराणा पेढीवर दिवाणजी होते. मणाचे शेर चाळीस, रुपयाचे आणे सोळा. त्यांचा आडाखा असा : जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. गूळ १८ रुपये मण असेल तर अडीच शेराचे १८ आणे, संपला हिशेब. डझनाचं तसंच. जितके आणे डझन, तितक्या पैंना एक नग, कारण आण्याच्या पै बारा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि पुढे किलोही आला, तेव्हा हे आडाखे माळ्यावर गेले. पण ती माणसं शेवटपर्यंत कागदाला हात न लावता बिल सांगत. सात आठे छप्पनला अडणारं पोर २४ कशातून करणार? डोक्यात आधी माल भरावा लागतो.

खडू_फळा
उजळणीकाका, शेवटचं वाक्य मान्य. पण तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. :-) अडीच शेरांचा आडाखा हा पाठांतराचा प्रकारच नाही. ४० ला १६ ने भागलं की अडीच येतात हे कुणीतरी पाहिलं, त्याचा उपयोग ओळखला, आणि मग तो पेढीवर पसरला. पाहणारा आकड्यांशी खेळत होता, नंतरचे सगळे घोकत होते. चिंचगूळच्या मुलीला त्या पहिल्या माणसासारखं पाहता यायला हवंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तास सुरू होताना फळ्यावर एकच गुणाकार लिहिते, समजा २५×१६. वहीला हात लावायचा नाही. उत्तर आलं तरी हात वर करायचा नाही, अंगठा छातीशी धरायचा, म्हणजे ज्याला अजून आलेलं नाही तो घाबरत नाही. मग विचारते ते उत्तर नव्हे, "तू कसं केलंस?" कुणी १६ चे चार चोक करतं आणि २५ चोक शंभर, शंभर चोक चारशे म्हणतं. कुणी २५ म्हणजे शंभरातला पाव म्हणून १६ पावांचे चार शंभर करतं. एक जण दरवेळी १० पट आणि ६ पट वेगळे करून मिळवतो, २५० आणि १५०. तो हळू असतो पण चुकत नाही. चार वाटांनी चारशेवर येता येतं हे पोरांना ऐकायला मिळतं. ४८+३७ ला ५०+३५ सुचणं यातूनच येतं.

बिनहातचा
१६ पावांचे चार शंभर... म्हणजे पावकीच की!

उजळणी
तेच म्हणतोय मी.

भगूरचा
देवळालीकरांचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून आलो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, आणि आयुष्यभर देवळालीत शाळामास्तर. ना विद्यापीठात नोकरी, ना मोठी पदवी. आकडे हेच वेड. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ सापडला.

चार आकडी संख्या घ्या, निदान दोन आकडे वेगळे असलेली. आकडे उतरते लावा, चढते लावा, वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं, ६१७४ येतोच आणि मग तिथेच अडकतो. २०२६ घेऊन बघा : ६२२०−०२२६ = ५९९४, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४.

आपल्याकडे बरीच वर्षं लोकांनी त्यांना चेष्टेवारी नेलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. त्यांच्या 'हर्षद' संख्या मुलांना फार आवडतात : आकड्यांच्या बेरजेने संख्येला नि:शेष भाग जायला हवा. १७२९ घ्या. बेरीज १९, आणि १९×९१ = १७२९. एकोणीस आणि एक्याण्णव, उलटसुलट! आजारी रामानुजनला भेटायला गणिती हार्डी ज्या टॅक्सीने आला, तिचा नंबर तो हाच.

लालडबा
टॅक्सी आली म्हणजे माझा गाड्यांचा नंबर गणितात बसतो हे सिद्ध झालं.

शून्य_मार्क
६१७४ चं ऐकून होतो, पण चार आकडी वजाबाकी सहा वेळा तोंडी? पाचवीची पोर? कागद लागणारच.

पोस्टातला
तीन आकडी घ्या ना. तिथे ४९५ येतो. आणि तिथे खरी मजा आहे, कारण वजाबाकी करावीच लागत नाही.

७३६ घ्या. उतरते ७६३, चढते ३६७. मधला आकडा दोन्हीकडे दशकाच्याच घरात, म्हणून तो उडतो. उरतं काय, तर सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांतला फरक ९९ वेळा. ७ वजा ३ चार, ९९ चोक ३९६. पुढे ९ वजा ३ सहा, ९९ सक ५९४. पुढे ९ वजा ४ पाच, ९९ पाचे ४९५. आणि ९९ ने गुणायचं म्हणजे शंभरपटीतून एकपट काढायची, ४०० वजा ४. ते पोरगी एका दमात करेल.

जादूचा १०८९ सुद्धा असाच. तीन आकडी संख्या मनात धरायला सांगा, पहिला-शेवटचा आकडा वेगळे हवेत. उलटी करा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेलं उत्तर पुन्हा उलटं करून त्यात मिळवा. (९९ आले तर ०९९ समजून उलटं करा.) पाहुण्यांना कागदावर आधीच १०८९ लिहून पाकिटात घालून द्या. पोरांना जादू दाखवून थांबू नका, ९९ ची भानगड त्यांची त्यांना सापडू द्या. आमच्याकडे पुतण्याला दोन दिवस लागले, पण त्यानंतर ९९, ९८, १०१ ने गुणायला तो कधी थांबला नाही.

चिंचगूळ
वा! हे ९९ चं मलाच माहीत नव्हतं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

दोन_टोकं
अ‍बॅकसचा विषय निघालेला नाही तोवर काढतो. आमच्या चिरंजीवाने क्लास केला. वीस संख्यांची बेरीज बोटं हवेत हलवत धाडधाड सांगतो, ढाली आणल्या. वाण्याकडे १८ रुपयांची वस्तू घेऊन पन्नासची नोट दिली की परत किती घ्यायचे हे सांगताना तोच मुलगा ढिम्म. मण्यांचा चौकट डोक्यात पक्का बसलाय, व्यवहार चौकटीबाहेर राहिला.

आलेपाक
सरसकट नको हो. माझ्या मुलीला त्याच मण्यांमुळे 'दहाला किती कमी' हे पक्कं झालं, ८ ला २, ७ ला ३. चिंचगूळच्या मुलीचं घोडं तिथेच अडतंय असं मला वाटतं. क्लास नको असेल तर एक सोपा खेळ सांगते. पत्त्यांतून चित्रं काढून टाका. एक पान उघडं टाकायचं, दहाला कमी पडणारा आकडा आधी म्हणेल त्याचं पान. नंतर एक्का म्हणजे १०, दुर्री २० असं धरून शंभराला कमी पडणारा. मग दोन पानं मिळून एक संख्या, ३ आणि ७ आली तर ३७, शंभराला ६३ कमी. ही पायरी पक्की झाली की ४८ दिसताच त्याच्या शेजारचे ५० आपोआप दिसतात.

ऋचा_पाठक
वैदिक गणित कुणीच कसं सुचवलं नाही? ९७×९६ : शंभराला ३ कमी, ४ कमी. ९७ मधून ४ गेले ९३, तीन चोक १२. उत्तर ९३१२. आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी सांगितलंय.

शंकेखोर
रीत चांगली आहे, ऋषींना मध्ये आणू नका. ही सूत्रं भारती कृष्ण तीर्थ यांच्या पुस्तकातली, ते त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये छापलं गेलं. ती अथर्ववेदाच्या परिशिष्टातली असल्याचं सांगतात, पण तिथे कुणाला आढळलेली नाहीत. आणि ही रीत का चालते ते पोराला कळलं नाही तर ६३×४८ ला ते शंभराला ३७ कमी, ५२ कमी करत बसेल. ३७×५२ कोण करणार, तुमचे ऋषी?

ऋचा_पाठक
वेद वाचलेत का तुम्ही?

बिनहातचा
*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. शंभर दाण्यांतले तीन करपलेत, चार कच्चे. किती उरले?*

खडू_फळा
त्र्याण्णव. आणि बारा दाणे कुठून आले ते ऋचाताई आणि शंकेखोर यांनी मिळून सांगावं, म्हणजे भांडणही मिटेल आणि सूत्रही कळेल.

माजघर
तुम्ही सगळे आकड्यांतच रमलात. आमच्या आजीकडची गोष्टीची कोडी अशी :

माणसांचा एक घोळका चालला होता. वाटेत एकाने विचारलं, "तुम्ही शंभर जण का?" पुढारी म्हणाला, "नाही. आम्ही, आमच्याइतकेच आणखी, आमच्या निम्मे, निम्म्याचे निम्मे आणि तू एक, मिळून शंभर." घोळक्यात किती जण?

दुसरं. तीन देवळं आणि प्रत्येकासमोर टाकं. टाक्यात फुलं बुडवली की दुप्पट होतात. प्रत्येक देवळात सारखीच फुलं वाहिली आणि तिसऱ्या देवळातून निघताना हात रिकामे. कमीत कमी किती फुलं नेली आणि कितीकिती वाहिली?

तिसरं उजळणीकाकांसाठी. वाण्याचा मणाचा, म्हणजे चाळीस शेरांचा, धोंडा पडून चार तुकडे झाले. त्या चार तुकड्यांनी १ ते ४० शेर कुठलंही वजन करता येतं. तुकडे केवढे?

उजळणी
तिसऱ्याचं : १, ३, ९, २७. मालाच्या पारड्यातही धोंडा टाकता येतो हे लक्षात आलं की झालं. दोन शेर हवेत तर एका पारड्यात ३, दुसरीकडे माल आणि १. सगळ्यांत जास्त ४०, चौघांची बेरीज.

लिंबूटिंबू
दुसरं : ७ फुलं, प्रत्येक देवळात ८. सात दुणे चौदा, आठ वाहिली उरली सहा. बारा झाली, आठ वाहिली उरली चार. आठ झाली, आठही वाहिली. मी सातवीत आहे, आईच्या आयडीवरून लिहीत नाहीये, हा माझाच आहे.

माजघर
शाब्बास लिंबूटिंबू. मागून सुरुवात केलीस की पुढून?

लिंबूटिंबू
मागून. शेवटी जितकी वाहिली त्याच्या निम्मी आधी हवीत.

पाटणादेवी
आम्ही चाळीसगावचे, तेव्हा भास्कराचार्यांचा भुंगा सोडल्याशिवाय राहवत नाही. पाटण्याचा त्यांच्या नातवाच्या काळचा शिलालेख आमच्या तालुक्यातला. 'लीलावती' ११५० ची, त्यातलं कोडं : भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर. या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर. एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासांमध्ये घुटमळत राहिला. थव्यात भुंगे किती?

क्ष धरू नका. भास्कराचार्यांचीच रीत वापरा : मनाला येईल ती सोयीची संख्या धरायची. पाच आणि तीनने भाग जाणारी, समजा ३०. सहा गेले, दहा गेले, फरक चार त्याचे बारा. एकूण २८, उरले दोन. आपल्याला उरायला हवा एक. म्हणजे तीसच्या निम्मे, पंधरा. अपूर्णांकाची भीती अशीच जाते.

खडू_फळा
या रीतीने उद्याच तास घेते. माजघर यांच्या पहिल्या कोड्यालाही हीच चालेल. घोळका ४ जणांचा धरा : ४, ४, २, १ मिळून ११. हवेत ९९, कारण 'तू' वेगळा. म्हणजे नऊपट, ३६.

गोठलेला_मराठी
इथे जर्मनीत माझ्या मुलाला मराठी आकडे पटकन आले, कारण इथेही एक आणि वीस असंच म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीने 'वीस एक' आणलं तेव्हा तिकडे काय गोंधळ...

शंकेखोर
तो विषय नको. त्यावर तीनशे प्रतिसादांचा वेगळा धागा आहे आणि अजून धुमसतोय.

केनकेनवाली
कागद चालणार असेल तर केनकेन बघा. जपानच्या मियामोतो तेत्सुया या शिक्षकाने २००४ मध्ये काढलेलं. सुडोकूसारखी घरं, पण जाड रेघांच्या खोक्यात '१२×' किंवा '३−' असं लिहिलेलं असतं, म्हणजे आतल्या आकड्यांचा गुणाकार १२ किंवा वजाबाकी ३ यायला हवी. सुडोकूत आकड्यांऐवजी भाज्या ठेवल्या तरी कोडं तेच राहतं, इथे हिशेब करावाच लागतो. ४×४ पासून सुरू करा.

कागदाशिवाय हवं तर १ ते ९ ओळीने लिहून मध्ये फक्त अधिक-उणे घालून १०० करा. माझं आवडतं उत्तर : १२३−४५−६७+८९. एवढ्या कमी चिन्हांत होतं हे पाहून बरं वाटतं. उलट्या क्रमाने ९८−७६+५४+३+२१.

चिंचगूळ
सगळ्यांचे आभार. पत्ते सुरू केलेत. गाड्यांचे नंबरही, पण २४ ला अजून वेळ आहे, दहावरच आहोत. नवऱ्याने पाढ्यांचा हट्ट सोडलेला नाही, मात्र सिग्नलला तोच आधी ओरडतो. घड्याळ लावत नाही, तरी बापलेकीत चढाओढ लागतेच, आणि हरली की ती गप्प होते. त्याचं काय करावं?

खडू_फळा
दोघांना एका बाजूला बसवा आणि नंबर विरुद्ध बाजूला. म्हणजे 'कोण आधी' ऐवजी 'आपल्याला किती तऱ्हेने येतं'. एकाच नंबरचे दहा तीन प्रकारे करायचे. वेगाने एकच उत्तर शोधण्यापेक्षा याने आकडे जास्त हाताळले जातात.

तुझ्या मूळ प्रश्नाबद्दल : कोड्यांनी सुधारतो, पण कोणत्याही कोड्याने नाही. ज्यात एकच युक्ती असते आणि ती कळली की कोडं मरतं, त्याने दोन दिवस करमणूक होते. गाड्यांचे नंबर, पत्ते, १ ते ९ चे शंभर, यात तेच तेच आकडे रोज नव्याने फोडावे-जोडावे लागतात. पाढे दहापर्यंत हवेतच, तिथे काका आणि तुझा नवरा बरोबर आहेत. अकराच्या पुढचे ती फोडून करेल. १७ सक म्हणजे ६० आणि ४२.

उजळणी
सतरा सक दोन बेरीज करण्यापेक्षा एकशे दोन म्हणायला कमी वेळ लागतो. एवढं बोलून माझी लेखनसीमा.

शून्य_मार्क
काका गेले. चार चौक्यांचं कोडं कुणी केलंय का? फक्त चार ४ वापरून ० पासून पुढे. दहापर्यंत आलोय, दहा म्हणजे (४४−४)÷४. अकरावर गाडी रुतली.

पोस्टातला
वर्गमूळ चालत असेल तर ४४ ला √४+√४ ने भागा. नसेल चालत तर रुतलेलीच बरी.

कोरी_पाटी
बरं, ३३८८ चं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणून देतो : ८ ÷ (३ − ८÷३). आठ भागिले तीन काढायला मन धजत नाही, तिथेच सगळे फसतात. कंसात उरतो एक तृतीयांश, आणि आठाला त्याने भागलं की चोवीस. याच जातीचा दहाचा नंबर हवा असेल तर ११५८ घ्या.

लिंबूटिंबू
११५८ : ८ ÷ (१ − १÷५). एक वजा एक पंचमांश म्हणजे चार पंचमांश.

निमूट_वाचक
या पोराला कुणीतरी डोंबिवली फास्टमध्ये बसवा, माझा वेळ जाईल.

लालडबा
आज एक्सप्रेसवेवर ९९९९ वाली काळी एसयूव्ही हॉर्न मारत मागे लागली. तिला जागा देईपर्यंत मागच्या सीटवरून उत्तर आलं : (९×९+९)÷९. नंबरासाठी एवढे पैसे मोजलेत, मालकाला हे ठाऊक असेल का कोण जाणे.